वाटण्यासाठी घरच्या कुकीज: शंभर नग एकसारखे कसे जमवायचे?

अबोली_क

नमस्कार मंडळी. घरच्यांना, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला शंभरेक कुकीज घरी करायच्या आहेत. अर्ध्या नुसत्या बटरच्या, खुसखुशीत. अर्ध्या चॉकलेटचे तुकडे घातलेल्या, कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ. ओव्हन साधा, एका वेळी एकच ट्रे, त्यावर बारा नग मावतात.

पाककृती ढिगाने सापडतात, त्यासाठी हा धागा नाही. मला हवं आहे ते पाककृतीत लिहिलेलं नसतं:

१. पहिला ट्रे सुबक आणि चौथा पसरट, असं का होतं?
२. प्रमाण चौपट केलं की नेमकं काय बिघडतं?
३. किती दिवस आधी करून ठेवता येतील?
४. अंडं न खाणारे आणि दाणे-बदाम न चालणारे, दोघांची सोय एकाच स्वयंपाकघरात कशी करायची?

---

खटपट्या

पहिल्याचं उत्तर: ट्रे गरम असतो. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि नुकताच बाहेर काढलेला ट्रे त्याहून कितीतरी तापलेला असतो. त्यावर गोळे ठेवले की ओव्हनमध्ये जायच्या आधीच तळचं बटर सुटायला लागतं. कडा पक्क्या व्हायच्या आत कुकी पसरून मोकळी.

दोन ट्रे आलटून पालटून वापरा. एक आत, एक गार होतोय. घाई असेल तर ट्रे पाचेक मिनिटं तसाच ठेवून, मग नळाखाली उलटा धरून नीट पुसून घ्या. ओव्हनमधून काढल्या काढल्या पाण्याखाली धरू नका, पातळ पत्र्याचा ट्रे वाकतो आणि एकदा वाकला की कायम हिंदकळतो.

दुसरं कारण ओट्यावर पडून राहिलेलं पीठ. चौथ्या ट्रेपर्यंत तास उलटलेला असतो. एका ट्रेपुरतंच पीठ बाहेर, बाकीचं फ्रिजमध्ये.

---

समिधा

खटपट्या यांना +१. त्याच्या जोडीला वजनकाटा. कप वापरून शंभर नग एकसारखे होणं अवघड आहे.

मैदा चमच्याने हलका भरून सपाट केला तर एक कप साधारण १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. एका कपात हे खपून जाईल, पण पाच कपांत १५० ग्रॅमचा फरक पडतो. मैदा जास्त झाला की कुकी पसरतच नाही, गोळा तसाच उभा भाजला जातो आणि आतून कोरडी लागते.

गोळेही तोलूनच करा. एक २० ग्रॅमचा आणि शेजारचा ३५ चा असेल तर पहिला करपेल नाहीतर दुसरा कच्चा राहील.

---

रानवारा

बटरच्या कुकीजबद्दल सविस्तर लिहितो, कारण वाटण्यासाठी याहून गुणी प्रकार नाही. अंडं नाही, सोडा नाही, टिकते चांगली, डब्यात हेलपाटलं तरी सहसा तुटत नाही.

वजनाने तीन-दोन-एक लक्षात ठेवा: तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग साखर. म्हणजे ३०० ग्रॅम मैद्याला २०० बटर, १०० साखर आणि बटर बिनमिठाचं असेल तर अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ वगळू नका, त्याशिवाय बटरची चव पुढे येत नाही.

साखर पिठीसाखर घ्या. दाणेदार साखर भाजताना वितळते, तिचा पाक होतो आणि कुकी पसरते. पिठीसाखरेने पोत बारीक येतो, आकार टिकतो.

बटर किती मऊ हवं यावर सगळं अवलंबून आहे. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये आणि बटरच्या अंगावर तेलकट चमक नसावी. अंशांत सांगायचं तर १८ ते २०. चमक आली म्हणजे उशीर झाला. असं बटर परत गार केलं तरी फेसताना पूर्वीसारखी हवा धरत नाही.

बटर आणि साखर फेसा, मग चाळलेला मैदा आणि मीठ. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. पुढे मळत राहिलात की ग्लुटेनचे (मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे) धागे तयार होतात आणि खुसखुशीत व्हायची ती चिवट होते.

मग ६ सेंमी जाडीच्या नळ्या वळा, कागदात गुंडाळा, फ्रिजमध्ये दोन तास. सुरीने ८ मिमीच्या चकत्या. दर पाच-सहा कापांनंतर नळी पाव फेरा फिरवा, नाहीतर खालची बाजू दबून सगळ्या चकत्या एका अंगाने चपट्या होतात. १७० अंशांवर १४ ते १६ मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत.

---

दर्यावर्दी

किती वेळ फेसायचं ते राहिलं. बरेच जण केकसारखं पाच-सहा मिनिटं, पांढरं शुभ्र होईपर्यंत फेसतात. या प्रकाराला ते नको. भरलेली हवा भाजताना फुगते, धरून ठेवायला अंडं नाही, मग कुकी फुलून खाली बसते आणि कडा विस्कटतात. दीड-दोन मिनिटं, रंग किंचित उतरला की पुरे.

---

रानवारा

दर्यावर्दी, अगदी बरोबर. तेच लिहायचं राहिलं.

---

मुक्ता७

चॉकलेटच्या कुकीजबद्दल. मधे मऊ हवी असेल तर ब्राउन शुगर पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त हवी. तिच्यात मळी असते, ती ओलावा धरून ठेवते. पांढरी साखर वाढवाल तशी कुकी पातळ आणि कुरकुरीत होत जाते. हे एकदा कळलं की कुठलीही पाककृती स्वतःच्या आवडीकडे वळवता येते.

माझं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, बटर १७०, ब्राउन शुगर १५०, पांढरी साखर १००, एक अख्खं अंडं आणि एक जादा बलक, सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला दोन छोटे चमचे, चॉकलेटचे तुकडे २००. पीठ जवळपास ९४० ग्रॅम भरतं, ३० ग्रॅमचे ३१ गोळे होतात.

१७५ अंश, १० ते १२ मिनिटं. बाहेर कधी काढायची ते घड्याळापेक्षा डोळ्यांनी ठरवा. कडेचा बोटभर भाग कोरडा आणि तांबूस, मधला भाग फुगलेला, फिका, पण त्याच्यावरची ओली चमक नुकतीच गेलेली, हा तो क्षण. हात लावाल तर कच्ची वाटेल. तशीच काढा आणि ट्रेवर पाच मिनिटं राहू द्या, ट्रेच्या उष्णतेवर उरलेली होते. ओव्हनमध्येच घट्ट होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर दगड होणार.

---

नवशिका_बेकर

सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालेल का? का दोन्ही थोडं थोडं घालू?

---

मुक्ता७

दोन्हींची कामं वेगळी आहेत. सोड्याला आंबटपणा लागतो. ब्राउन शुगरमधली मळी थोडी आंबट असते, म्हणून इथे सोडा चालतो. शिवाय सोड्याने रंग गडद येतो आणि कुकी पसरते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि त्याला लागणारं आम्ल आधीच एकत्र असतं. तिने कुकी फिकी, फुगीर, केकच्या जातीची होते. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट तेज असतो, त्यामुळे चमच्याला चमचा अदलाबदल करू नका.

सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते. तापल्यावर उरलेल्या सोड्याचा कार्बोनेट होतो, ती चव त्याची. सोडा मैद्यासोबत दोनदा चाळून घ्या. एक गाठ राहिली तर ज्याच्या वाट्याला येईल तो पुन्हा कुकी मागणार नाही.

---

समिधा

प्रमाण चौपट करताना नेमकं हेच बिघडतं. मैदा, बटर, साखर तोलली जाते आणि सोडा चमच्याने 'अंदाजे' पडतो. शिवाय मोठ्या पातेल्यात सगळं नीट मिसळत नाही, तळाशी बटरचे पट्टे राहतात. जिथे पट्टा, तिथली कुकी जाळी होऊन पसरते. घरगुती मिक्सरच्या भांड्यात एका वेळी ५०० ग्रॅम मैद्याच्या वर जाऊ नका. दोन घाणे करा.

---

सांजवेळ

अवांतर: बिस्किट आणि कुकी यांत फरक काय असं नेहमी विचारलं जातं. बिस्किट हा शब्द लॅटिनमधल्या 'दोनदा भाजलेलं' या अर्थाच्या शब्दांवरून आला. कुकी हा डच 'कुक्ये'वरून, म्हणजे छोटासा केक. एकात कोरडेपणा, एकात मऊपणा. अबोलीताईंच्या डब्यात दोन्ही घराणी नांदणार :-)

---

तिसरा_मजला

धाग्याला चांगली दिशा आहे, पण ओव्हनबद्दल कोणी बोलेना. १७५ लावलं म्हणजे आत १७५ असतंच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये १०-२० अंशांचा फरक सहज असतो. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

तो नसेल तर साखरेची परीक्षा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. एक चमचा साखर फॉइलच्या वाटीत घालून १७५ वर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे. दुसऱ्या चमच्याला १९० लावा. नाहीच वितळली तर ओव्हन थंड आहे.

आणखी दोन गोष्टी. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार असं समजू नका. हवा तापलेली असते, भिंती नाही. दार उघडलं की सगळं तापमान खाली येतं. वीस मिनिटं तापू द्या. पंखा चालू असेल तर २० अंश कमी लावा.

---

खटपट्या

तिसरा_मजला, मी तर वाटण्यासाठी करताना पंखा बंदच ठेवा म्हणेन. लहान ओव्हनमध्ये पंख्याच्या बाजूची रांग आधी भाजते.

---

तिसरा_मजला

पंखा चालू ठेवून अर्ध्या वेळेला ट्रे फिरवला तर तेही जमतं. पण एकच ट्रे असेल तर पंख्याची गरज नाही, हे मान्य. मधला कप्पा, वरखाली दोन्ही कॉइल. ट्रे काळा असेल तर बूड लवकर लागतं, तिथे १० अंश कमी करा किंवा खाली आणखी एक ट्रे लावा.

---

नवशिका_बेकर

ट्रेला बटर चोपडायचं ना?

---

दर्यावर्दी

नको. चोपडलेल्या ट्रेवर कुकी घसरत पसरते आणि कडा पातळ होऊन करपतात. बेकिंग पेपर लावा. मेणकागद मात्र नको, ओव्हनमध्ये मेण वितळतं आणि धूर होतो.

---

काजवा

पौष्टिक म्हणून मैद्याऐवजी पूर्ण कणीक चालते, सरळ बदलायची. काही फरक पडत नाही.

---

रानवारा

काजवा, इथे असहमत. कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो. सरळ बदललीत तर पीठ कोरडं पडतं, चकत्या कापताना भुगा होतो. शिवाय कोंड्याचे बारीक तुकडे धागे कापतात, म्हणून ठिसूळ होते.

अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्या. ३०० ग्रॅम पिठाला एक-दोन मोठे चमचे दूध घाला आणि वळण्याआधी अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा तेवढ्यात भिजतो. कणीक ताजी हवी, जुन्या कणकेचा खवटपणा बटरमध्ये लपत नाही.

---

काजवा

अर्धा तास ठेवायचं ध्यानात घेतो. कोरडेपणाचं कारण आता कळलं, धन्यवाद.

---

मृगजळ_न

अंड्याविना चॉकलेट कुकी: एका अंड्याचा आतला भाग साधारण ५० ग्रॅम. त्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. बुळबुळीत झाली की तयार. किंवा नुसतं तीन मोठे चमचे दूध. दुधाने कुकी जरा कुरकुरीत, जवसाने मऊ. जवसाचा किंचित वास राहतो, चॉकलेटमध्ये तो झाकला जातो.

---

समिधा

पण एवढी खटपट कशाला? रानवारांची बटर कुकी मुळातच बिनअंड्याची आहे. ज्यांना अंडं चालत नाही त्यांना त्याच द्या. मात्र करताना क्रम पाळा: आधी बटरच्या पूर्ण भाजून, गार करून डब्यात बंद, मग अंडं फोडा. चमचे, जाळी, कागद सगळं वेगळं.

दाण्यांच्या अ‍ॅलर्जीचं याहून गंभीर. तिथे 'थोडंसं' चालत नाही. त्या दिवशी दाणे, बदाम, पीनट बटर बाहेर काढूच नका. चॉकलेटच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचा, बऱ्याच चॉकलेटांवर दाण्यांचा अंश असू शकतो असं छापलेलं असतं. अशी पाकिटं असतील तर ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना चॉकलेटची कुकी देऊच नये.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवीच: गहू, दूध, अंडं, सोया, तीळ, दाणे, सुकामेवा यांपैकी काय आहे ते, आणि केल्याची तारीख. 'घरचंच आहे' हे उत्तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला पुरेसं नसतं. एक वर्षाच्या आतल्या बाळांना मध द्यायचा नसतो, म्हणून मध घातला असेल तर तोही लिहा.

---

सांजवेळ

समिधा, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. एक भर: मुलं मदतीला असतील तर कच्चं पीठ चाटू देऊ नका. फक्त अंड्यामुळे नाही, मैदाही कच्चाच असतो आणि त्यातूनही जंतू जाऊ शकतात.

---

मुक्ता७

साठवणीचं. गोळे करून कच्चेच गोठवा. ट्रेवर सुटे ठेवून दोन तास फ्रीझर, मग पिशवीत. तीन महिने उत्तम राहतात. वितळवायचे नाहीत, तसेच ओव्हनमध्ये, एक-दोन मिनिटं जास्त. नुसतं फ्रिजमध्ये एक रात्र ठेवलं तरी फायदा: मैदा अंड्यातलं पाणी शोषतो, कुकी कमी पसरते आणि चवीला भरदार लागते.

---

काजवा

गोठवायचं तर भाजून का नाही? वाटायच्या दिवशी ओव्हन लावायलाच नको.

---

मुक्ता७

तेही चालतं. पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. बंद डब्यातच तापमानाला येऊ द्या, म्हणजे हवेतलं पाणी डब्याच्या बाहेरून धरतं. लगेच उघडलात तर तेच पाणी कुकीवर बसतं आणि ती सादळते.

---

दर्यावर्दी

आणि दोन प्रकार एका डब्यात कधीच नको. मऊ कुकीचा ओलावा कुरकुरीतकडे जातो. दुसऱ्या दिवशी एक सादळलेली आणि एक सुकलेली. मऊच्या डब्यात ब्रेडचा एक तुकडा ठेवला तर ओलावा टिकतो.

---

तिसरा_मजला

ब्रेडचा तुकडा दमट हवेत नको. दोन दिवसांत त्यालाच बुरशी येते. ठेवलाच तर दुसऱ्या दिवशी काढा. लोकांना द्यायच्या डब्यात तर अजिबात नको.

---

दर्यावर्दी

मान्य. कोरड्या हवेपुरतंच समजा.

---

रानवारा

बटरच्या सादळल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं, आणि जाळीवर पूर्ण गार. परत कुरकुरीत. कोमट असताना डब्यात भरल्या तर आतल्या वाफेनेच सादळतात. झाकणाच्या आतून दव दिसलं की समजावं, घाई झाली.

---

अबोली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण तर साठवलीच, हिशोबही मांडला. चुकलं असेल तर सांगा.

बटरच्या ५० × २५ ग्रॅम = १२५० ग्रॅम पीठ: मैदा ६२५, बटर ४१७, साखर २०८.
चॉकलेटच्या ५० × ३० ग्रॅम = १५०० ग्रॅम: मुक्ता यांच्या प्रमाणाच्या १.६ पट. मैदा ४००, बटर २७२, ब्राउन शुगर २४०, पांढरी १६०, चॉकलेट ३२०. अंड्यांचे १.६ पट कसे करायचे?

गुरुवारी नळ्या वळून फ्रिजमध्ये, चॉकलेटचे गोळे फ्रीझरमध्ये. शुक्रवारी आधी बटरच्या भाजणार. शनिवारी सकाळी चॉकलेटच्या, दुपारी वाटप. एकूण नऊ-दहा ट्रे, प्रत्येकी पंधरा-सोळा मिनिटं धरली तर अडीच तास.

---

मुक्ता७

हिशोब बरोबर. अंडी फोडून फेटा आणि १०९ ग्रॅम तोलून घ्या. दोन अंडी आणि वर एखादा बलक, एवढं पुरेल. सोडा आणि मीठ प्रत्येकी पाऊण छोट्या चमच्याच्या जरा वर.

---

समिधा

फक्त एक बदल. गुरुवारी अंड्याचं पीठ आणि बटरचं पीठ एकाच दिवशी होतंय. बटरच्या नळ्या आधी वळून, कागदात बंद करून फ्रिजमध्ये टाका, ओटा आणि मिक्सरचं भांडं साबणाने धुवा, मगच अंडी काढा. दोन्हीला वेगवेगळा कप्पा, बटरच्या नळ्या वरच्या.

---

खटपट्या

आणि शनिवारी पहिला ट्रे भरण्याआधी एकच गोळा भाजून बघा. पसरला तर उरलेले आणखी गार करा किंवा ओव्हन पाच-दहा अंश वाढवा. उभाच राहिला तर पुढचे गोळे आत घालण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवून वाटीच्या बुडाने हलके दाबा. बारा वाया जाण्यापेक्षा एक बरा.

---

नवशिका_बेकर

त्या एकासाठी घरात रांग लागणार हे नक्की :-)

---

अबोली_क

म्हणून ५१ गोळे करते. समिधा, कप्प्यांचं लक्षात घेतलं. चिठ्ठ्या आजच लिहायला घेते.